शोधयंत्रात न सापडणारी संकेतस्थळे : दोषनिदान आणि उपाय

पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यात, खोडाळ्याच्या परिसरातील डोंगरमाथ्यावर सूर्यमाळ हे थंड हवेचे ठिकाण आहे. शेजारच्या जव्हार तालुक्यात मुकणे राजघराण्याचा जयविलास राजवाडा, शिवाजी महाराजांच्या १६६४ च्या सुरत स्वारीशी जोडला गेलेला शिरपामाळ आणि दाभोसा धबधबा आहे. मुंबई, ठाणे व नाशिकचे पर्यटक पावसाळ्यात आणि हिवाळ्यात या भागाकडे वळतात. येथील शेती मुख्यतः पावसावर अवलंबून असल्याने भातकापणी उरकली, की अनेक कुटुंबांना वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामासाठी बाहेर पडावे लागते. त्यामुळे घरगुती निवासव्यवस्था, वाटाड्याचे काम किंवा वारली चित्रांची विक्री यांतून गावातच मिळणाऱ्या उत्पन्नाचे मोल मोठे आहे.

अशा व्यवसायासाठी संकेतस्थळ तयार करून घेणे आता अवघड राहिलेले नाही. अडचण त्यानंतर सुरू होते. मुंबईतील पर्यटक शोधयंत्रात ‘सूर्यमाळ निवास’ असे शब्द घालतो, तेव्हा गावातील घराचे संकेतस्थळ कोठेच दिसत नाही. दिसतात त्या आरक्षण करून देणाऱ्या मोठ्या कंपन्या. पर्यटक त्यांच्यामार्फत येतो आणि भाड्यातील काही भाग दलालीत जातो. येथूनच ‘सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन’ म्हणजे एसईओ या शब्दाची ओळख होते आणि त्यामागोमाग महागडे प्रस्तावही येऊ लागतात.

प्रत्यक्षात लहान संकेतस्थळांच्या बहुतेक तक्रारींचे मूळ साध्या अडथळ्यांत असते. ते योग्य क्रमाने शोधले, तर फारसा खर्च न करता दूर करता येतात. पुढील उदाहरणे जव्हार-मोखाडा परिसरातील असली, तरी हे निदान कोणत्याही लहान व्यवसायाच्या संकेतस्थळाला लागू पडेल.

आधी निदान, मग उपाय

शोधयंत्राचे काम तीन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात त्याचा स्वयंचलित कार्यक्रम दुव्यांवरून फिरत पानांपर्यंत पोहोचतो. दुसऱ्या टप्प्यात पानाचा मजकूर वाचून त्याची सूचीत नोंद होते. तिसऱ्या टप्प्यात कोणी शब्द शोधला, की सूचीतील पानांचा क्रम लावला जातो. पान सूचीतच नसेल, तर क्रम सुधारण्याच्या उपायांना काही अर्थ उरत नाही. म्हणून दोष कोणत्या टप्प्यावर आहे, हे प्रथम ठरवावे.

त्यासाठी गूगलचे ‘सर्च कन्सोल’ हे साधन विनामूल्य मिळते. २०१५ पर्यंत ते ‘वेबमास्टर टूल्स’ या नावाने ओळखले जात असे. संकेतस्थळाची मालकी सिद्ध केल्यावर कोणती पाने सूचीत आहेत, कोणती वगळली आहेत आणि कोणत्या कारणाने, हे त्यात दिसते. ‘यूआरएल इन्स्पेक्शन’ या सोयीने एकेका पानाची स्थिती तपासता येते. झटपट चाचणीसाठी शोधयंत्रात रोमन लिपीत ‘साइट’ हा शब्द, त्याला लागून विसर्गासारखी दोन टिंबे आणि जागा न सोडता आपला पत्ता लिहावा. सूचीतील काही पाने समोर येतात. मात्र ही यादी परिपूर्ण नसते, अंतिम खात्री सर्च कन्सोलमध्येच करावी. मायक्रोसॉफ्टच्या बिंगसाठीही असेच स्वतंत्र साधन आहे.

संकेतस्थळ मुळीच सापडत नाही

याची नेहमीची कारणे चार आहेत.

पहिले कारण म्हणजे विसरून राहिलेली बंदी. संकेतस्थळ तयार होत असताना ते लोकांसमोर येऊ नये म्हणून शोधयंत्रांना मनाई केली जाते आणि काम पूर्ण झाल्यावर ती काढायची राहून जाते. वर्डप्रेसमध्ये वाचनविषयक सेटिंग्जच्या पानावर यासाठी एकच चौकट असते. तिच्यावर खूण राहिली, तर संकेतस्थळ अदृश्य राहते. ही मनाई ‘नोइंडेक्स’ या सूचनेने होते. ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ ही फाइल वेगळी. हा संकेत १९९४ पासून रूढ असून २०२२ मध्ये त्याला इंटरनेटच्या अधिकृत मानकांत स्थान मिळाले. ही फाइल यंत्राला पानावर येण्यापासून रोखते, पण बाहेरच्या दुव्यांवरून पत्ता कळला असेल, तर पान वर्णनाविना निकालांत दिसू शकते. दोन्ही उपाय एकत्र केले, तर यंत्राला पान उघडताच येत नाही आणि आतली ‘नोइंडेक्स’ सूचना वाचलीच जात नाही, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरे कारण, पानापर्यंत नेणारा दुवाच नसणे. नव्या संकेतस्थळाचा पत्ता इतर कोठेही दिलेला नसेल, तर यंत्राला त्याचा सुगावा उशिरा लागतो. यासाठी पानांची यादी म्हणजे ‘साइटमॅप’ सादर करावी. २००५ मध्ये गूगलने आणलेली ही पद्धत पुढच्याच वर्षी याहू आणि मायक्रोसॉफ्टनेही स्वीकारली. एका यादीत ५० हजार पत्त्यांपर्यंत मर्यादा असल्याने लहान संकेतस्थळास एकच यादी पुरते.

तिसरे कारण, नाव हातचे जाणे. डोमेन नावाचे ठराविक मुदतीने नूतनीकरण करावे लागते. ते बनवून देणाऱ्याने स्वतःच्या नावावर व ई-मेलवर नोंदविलेले असेल, तर मुदत संपल्याची सूचना मालकापर्यंत पोहोचत नाही आणि नाव दुसऱ्याच्या हाती पडू शकते. डोमेनची नोंद मालकाच्या नावावर आहे ना, हे आजच पाहून घ्यावे.

चौथे कारण, पायाच काढून घेतला जाणे. गूगलच्या व्यवसाय-नोंदीसोबत मिळणारी विनामूल्य संकेतस्थळे गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केली. ज्यांचा पत्रकांवर छापलेला पत्ता त्या प्रकारचा होता, त्यांचे दुवे निकामी झाले. स्वतःचे डोमेन नाव असणे म्हणूनच हिताचे.

मजकूर दिसतो, पण यंत्राला वाचता येत नाही

मराठी संकेतस्थळांचा हा खास आजार आहे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी मजकूर शिवाजी, किरण, श्रीलिपी यांसारख्या फाँटमध्ये टंकित केला जाई. त्यात पडद्यावर देवनागरी दिसत असली, तरी संगणक साठवीत असे ती रोमन अक्षरे व चिन्हे. माणसाला ‘सूर्यमाळ’ वाचता येते. यंत्राला तो अर्थहीन चिन्हांचा समूह वाटतो. साहजिकच त्या शब्दाच्या शोधात पान येत नाही.

याची परीक्षा सोपी आहे. पानावरील एक ओळ उचलून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवावी. तेथे देवनागरी उमटली, तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. रोमन अक्षरांचा गोंधळ उमटला, तर मजकूर रूपांतरित करून घ्यावा लागेल. रूपांतरानंतर रफार, जोडाक्षरे आणि ‘ऱ्य’सारखी रूपे डोळ्यांखालून घालावीत, चुका बहुधा तेथेच राहतात. पीडीएफ स्वरूपातील माहितीपत्रकांसाठीही हीच परीक्षा करावी.

याचाच दुसरा प्रकार म्हणजे चित्रातला मजकूर. फ्लेक्स फलकासाठी तयार केलेली जाहिरात जशीच्या तशी संकेतस्थळावर चढविली जाते. खोल्यांचे दर, जेवणाची सोय, दूरध्वनी, पत्ता हे सारे त्या एका चित्रात असते. चित्रातील अक्षरे वाचण्याची क्षमता यंत्रांत वाढत असली, तरी तिच्यावर विसंबू नये. चित्र खुशाल ठेवावे, पण तीच माहिती त्याखाली मजकूर म्हणून लिहावी आणि चित्राला ‘आल्ट’ वर्णन द्यावे. वारली चित्रे विकणाऱ्यांनी तर चित्राचा विषय, माप, कापड की कागद आणि किंमत ही माहिती प्रत्येक चित्राखाली शब्दांत द्यावी. केवळ छायाचित्रांचे दालन शोधयंत्राला जवळजवळ मुकेच असते.

देवनागरी पत्त्यांविषयीही एक खुलासा आवश्यक आहे. ‘डॉट भारत’ या देवनागरी डोमेनची सोय २०१४ पासून उपलब्ध आहे. असा पत्ता काही साधनांमध्ये ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांत, तर पानाच्या पत्त्यातील मराठी शब्द टक्केचिन्हांच्या माळेत दिसतात. हा दोष नव्हे. एकाच पत्त्याची ती दोन रूपे आहेत.

नावांचा घोळ

स्थानिक व्यवसायाचे पान सूचीत असूनही सापडत नाही, यामागे बरेचदा गावाच्या नावाची गुंतागुंत असते. ‘सूर्यमाळ’ हा शब्द ‘सूर्यमाला’ या शब्दाच्या फार जवळचा आहे. पानावर केवळ ‘सूर्यमाळ’ एवढेच लिहिले असेल, तर शोधणाऱ्याला ग्रहताऱ्यांची माहिती हवी की राहण्याची खोली, याचा अंदाज यंत्राला आजूबाजूच्या शब्दांवरूनच बांधावा लागतो. ‘जव्हार’ची गत तशीच. शोधणाऱ्याने घाईत ‘जवाहर’ लिहिले, की वेगळीच दुनिया उघडते. त्यात ‘सूर्य’ऐवजी ‘सुर्य’, ‘खोडाळा’ऐवजी ‘खोडाळे’, ‘दाभोसा’ऐवजी ‘दाभोसे’ अशी रूपेही वापरली जातात. रोमन लिपीत ‘ळ’ला स्वतंत्र अक्षर नसल्याने प्रत्येकजण आपल्या परीने वर्णमाला लढवितो.

भर म्हणजे जिल्ह्याचे नावही बदलले. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि जव्हार व मोखाडा हे तालुके त्यात गेले. जुन्या पानांवर आजही ‘जिल्हा ठाणे’ असाच पत्ता आढळतो. एकाच व्यवसायाचा पत्ता तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिलेला असेल, तर या नोंदी एकाच व्यवसायाच्या आहेत, हे यंत्राला ओळखणे कठीण जाते.

यावर उपाय साधे आहेत. पानाचे शीर्षक नुसते ‘मुख्यपृष्ठ’ किंवा ‘स्वागत’ असे न ठेवता त्यात व्यवसाय आणि ठिकाण दोन्ही यावीत; उदाहरणार्थ, ‘सूर्यमाळ येथे घरगुती निवास व भोजन, ता. मोखाडा, जि. पालघर’. मजकुरात खोडाळा, मोखाडा, जव्हार, कसारा यांचा स्वाभाविक उल्लेख करून कोणत्या रस्त्याने यावे ते सांगावे. शुद्ध रूप मुख्य ठेवून प्रचलित रोमन लेखन एखाद्या ठिकाणी द्यावे. चुकीच्या रूपांची मात्र पानाच्या तळाशी जंत्री लावू नये. शब्दांचा असा भरणा शोधयंत्रे लबाडी समजतात. पानाच्या आत दडवायच्या ‘कीवर्ड्स’ टॅगवरही वेळ दवडू नये. क्रम ठरविताना तो विचारात घेतला जात नाही, असे गूगलने २००९ मध्येच स्पष्ट केले होते.

मराठी आणि इंग्रजी दोन्ही वाचक हवे असतील, तर प्रत्येक भाषेचे पान वेगळे करून त्यांना परस्परांशी जोडावे. एकाच पानावर दोन्ही भाषांचे परिच्छेद मिसळू नयेत.

एकच मजकूर अनेक ठिकाणी

मुंबईहून सूर्यमाळ, ठाण्याहून सूर्यमाळ, नाशिकहून सूर्यमाळ अशी तीन पाने आणि तिन्हींत शहराचे नाव सोडून सारे काही तेच, हा प्रकार सर्रास आढळतो. त्यातून लाभ होत नाही. अशा ‘दारापुरत्या’ पानांना शोधयंत्रे स्पॅम समजतात. एकच चांगले पान करून त्यात तिन्ही मार्ग सांगावेत.

तांत्रिक कारणांनीही एकाच पानाचे अनेक पत्ते तयार होतात. त्यांतील मुख्य पत्ता कोणता, हे सांगण्यासाठी ‘कॅनॉनिकल’ हा टॅग आहे. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी २००९ मध्ये त्याला मान्यता दिली. तो आज्ञा नसून सूचना असते, म्हणून अंतर्गत दुवेही मुख्य पत्त्याकडेच जातील असे पाहावे.

आणखी एक चूक आरक्षण कंपन्यांच्या बाबतीत होते. आपल्या संकेतस्थळावरील वर्णन जसेच्या तसे त्यांना दिले, की तोच मजकूर त्यांच्या बलाढ्य संकेतस्थळावर झळकतो आणि निकालांत त्यांचे पान पुढे राहते. त्यांना थोडक्यात वेगळे वर्णन द्यावे. कोणत्या महिन्यात रस्त्याची स्थिती कशी असते, नागलीची भाकरी व रानभाज्या केव्हा मिळतात, जवळच्या पाड्यांवर तारपा नाच वा मोखाड्याचा बोहाडा केव्हा पाहता येईल, ही तपशिलाची माहिती स्वतःच्या पानासाठी राखावी. दूरच्या कार्यालयात बसलेल्या लेखनिकाला ती लिहिता येणार नाही. हेच लहान संकेतस्थळाचे खरे भांडवल होय.

पत्ते बदलल्याने होणारे नुकसान

संकेतस्थळाची नवी रचना केल्यावर भेटी एकाएकी घटतात, त्याचे कारण बहुधा तुटलेले दुवे असतात. जुना पत्ता उघडणाऱ्याला ‘४०४’ हा संदेश मिळतो आणि जुन्या पानाने कमावलेली पत हळूहळू नाहीशी होते. प्रत्येक जुन्या पत्त्यावरून संबंधित नव्या पत्त्याकडे ‘३०१’ प्रकारचे कायमचे पुनर्निर्देशन करावे. सारे जुने पत्ते सरसकट मुखपृष्ठाकडे वळविणे हा उपाय नव्हे. यंत्र त्यांनाही हरवलेल्या पानांतच गणते. एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर जाताना हीच दक्षता घ्यावी. सुरक्षित जोडणीला क्रमवारीत अल्पसे वजन देण्याचे गूगलने २०१४ मध्ये जाहीर केले होते. आज सुरक्षित नसलेल्या पानावर ब्राउझरच सावधगिरीचा इशारा देतो आणि आरक्षण करू पाहणारा ग्राहक मागे फिरतो.

मोबाइल आणि संथ पाने

गूगल आता पानाचे मोबाइलवरील रूपच प्रमाण मानते. २०१६ मध्ये जाहीर झालेले हे स्थित्यंतर २०२३ मध्ये पूर्ण झाले. संगणकावर दिसणारा मजकूर मोबाइलवरच्या रूपातून गाळलेला असेल, तर तो नोंदला जात नाही. पानाच्या अनुभवाचे तीन निकष गूगलने ठरविले आहेत : मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, स्पर्शाला २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा आणि पान उघडताना मजकूर जागचा हलू नये. यांतील प्रतिसादाचा निकष मार्च २०२४ पासून लागू आहे. ‘पेजस्पीड इनसाइट्स’ या विनामूल्य साधनाने ही तपासणी होते.

लहान संकेतस्थळ संथ होते ते मुख्यतः कॅमेऱ्यातून थेट चढविलेल्या अवजड छायाचित्रांमुळे. त्यांचे आकारमान कमी करणे हा पहिला उपाय. घाटमाथ्यावर मोबाइलचे जाळे अनेक ठिकाणी क्षीण असते आणि वाट चुकलेला पाहुणा तेथूनच पान उघडत असतो. त्यामुळे पत्ता, दूरध्वनी क्रमांक आणि वाटेची माहिती चित्रांच्या आधी, साध्या मजकुरात असावी. वेगाला क्रमवारीत अवास्तव महत्त्व मात्र देऊ नये. निरुपयोगी पान जलद उघडले म्हणून वर येत नाही.

नकाशावरील नोंद

निवासस्थान शोधणारा अनेकदा संकेतस्थळाआधी नकाशा पाहतो. ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ या विनामूल्य नोंदीत नाव, पत्ता, क्रमांक व वेळा संकेतस्थळावर आहेत तशाच असाव्यात. नकाशावरील खूण प्रत्यक्ष घरावर आहे की गावाच्या मध्यावर, हे स्वतः तपासावे. डोंगराळ भागात खूण थोडी सरकली तरी पाहुणा भलत्याच पाड्यावर पोहोचतो. पावसाळ्यात निवास बंद राहणार असेल, तर तशी नोंद करावी. आलेल्या पाहुण्यांना अभिप्राय लिहिण्याची विनंती जरूर करावी. विकत घेतलेले अभिप्राय मात्र उघडकीस आल्यास नोंदच गोठवली जाऊ शकते.

भेटी अचानक घटल्या तर

प्रथम ऋतू पाहावा. पावसाळी पर्यटनाच्या ठिकाणी जुलैची तुलना एप्रिलशी करणे व्यर्थ आहे. सर्च कन्सोलमध्ये १६ महिन्यांची आकडेवारी राहते; म्हणून याच महिन्याची गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करावी. निकालांत दिसण्याचे प्रमाण कायम असून फक्त क्लिक घटले असतील, तर कारण वेगळे असू शकते. गूगलने ऑगस्ट २०२४ पासून भारतात कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला उत्तराचा सारांश निकालांच्या वर दाखविण्यास सुरुवात केली. ‘सूर्यमाळ कोठे आहे’ या प्रश्नाचे उत्तर तेथेच मिळाल्यास वाचक पुढे येत नाही. खोली आरक्षित करू इच्छिणाऱ्याला मात्र मूळ पानावर यावेच लागते. म्हणून भेटींपेक्षा चौकशीचे दूरध्वनी मोजावेत.

यानंतर ‘मॅन्युअल अ‍ॅक्शन’ आणि सुरक्षाविषयक सूचना पाहाव्यात. संकेतस्थळात घुसखोरी झाल्यास मालकाला न दिसणारी शेकडो पाने, कित्येकदा जपानी अक्षरांतली, निकालांत उगवतात. अशा वेळी केवळ ती पाने पुसून भागत नाही; घुसखोराने जोडलेली खाती व फाइली काढाव्या लागतात, परवलीचे शब्द बदलावे लागतात आणि नंतर पुनर्तपासणीची विनंती करावी लागते. यांपैकी काहीच नसेल, तर गूगलच्या क्रमवारीत त्या सुमारास व्यापक फेरबदल झाला होता का, ते पाहावे. असा फेरबदल ही शिक्षा नसते. इतर पाने अधिक उपयुक्त ठरलेली असतात.

‘पहिल्या क्रमांकाची हमी’

अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलनेच म्हटले आहे. पैसे घेऊन हजारो दुवे मिळवून देणाऱ्यांपासून दूर राहावे. निकृष्ट मजकुराला चाप लावणारा ‘पांडा’ हा बदल २०११ मध्ये आणि विकतच्या दुव्यांना लक्ष्य करणारा ‘पेंग्विन’ २०१२ मध्ये आला. यंत्राकडून घाऊक पाने लिहवून घेण्याविरुद्धचे नियम २०२४ मध्ये आणखी कडक झाले. पैसे द्यायचेच असतील, तर कोणते दोष आढळले आणि कोणते दूर केले याची लेखी यादी मागावी. सर्च कन्सोल, डोमेन व व्यवसाय-नोंद यांची मालकी मात्र कोणाच्याही हाती देऊ नये.

तपासणीचा क्रम

एकूणात क्रम असा ठेवावा : डोमेन आपल्या नावावर आहे काय, पान सूचीत आहे काय, मजकूर युनिकोडमध्ये आहे काय, शीर्षकात व्यवसाय व गाव आहे काय, पत्ता सर्वत्र एकसारखा आहे काय, जुने दुवे चालतात काय, मोबाइलवर पान झटकन उघडते काय. या सात प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर मिळेपर्यंत पुढच्या कोणत्याही उपायावर खर्च करू नये. दुरुस्तीचा परिणाम दिसण्यास काही दिवसांपासून काही महिने लागू शकतात. प्रत्येक बदलाची तारीख वहीत टिपून ठेवावी आणि एका वेळी एकच मोठा बदल करावा, म्हणजे गुण कशाने आला, हे नेमके कळते.